पाना उलटा फिरतो

नाना पेठेत माझं दुकान, आठ बाय अकरा.
ब्रेक लिव्हर, क्लच केबल, इंडिकेटरच्या पिवळ्या काचा
आणि छताला टांगलेले आरसे.
कुठल्याही आरशात बघा, मीच दिसतो,
वेगवेगळ्या कोनांतून कंटाळलेला.

शहर कसं चाललंय ते मला पेपरात वाचावं लागत नाही.
जोडून सुट्टी आली की मंगळवारी
डाव्या बाजूचे फूटरेस्ट संपतात.
ताम्हिणीहून परतलेली पोरं सोललेलं कोपर घेऊन येतात,
म्हणतात, काका, ओरिजिनल नको, चालेल असं द्या.
वाकलेला लिव्हर हातात घेतला की मी सांगतो
कुठल्या अंगावर पडलास,
आणि शेवटच्या क्षणी ब्रेक आठवला होता
की नुसती आई.

शलाका, माझी पुतणी, श्टुटगार्टला असते.
परवा तिला टपालानं पत्र आलं :
ताशी सात किलोमीटर जास्त, तीस युरो.
सोबत फोटो. स्टिअरिंगवर ती, डोळे किलकिले,
आणि शेजारी बसलेल्याचा चेहरा
सरकारनंच काळा केलेला.
का, तर तो गाडी चालवत नव्हता, त्याचा काय गुन्हा!
वहिनी आठ दिवस त्या काळ्या चौकोनाकडे बघतायत :
कोण असेल, काय खातो, आपल्यातला आहे का.
"सात?" मी फोनवर ओरडलो,
"अगं, आमच्याकडे काटा थरथरतो तेवढा!"
तर म्हणाली, दंड त्याच संध्याकाळी भरून टाकला,
आणि फिनलंडात फार जोरात गेलात
तर मिळकत बघून दंड लावतात.
मी गल्ल्याकडे पाहिलं.
म्हटलं, मग तिकडे परवडेल मला.

माझी चार चलानं पडून होती.
लोकअदालतीत अर्ध्यात मिटतं म्हणून
सगळेच थांबलेत,
एरवी सिग्नलला न थांबणारे.

चौथ्या चलानातला फोटो क्वार्टर गेटचा,
सकाळचे नऊ बावन्न.
माझी येझदी, नंबर स्वच्छ, हेल्मेट कोपराला.
आणि फोटोच्या कडेला, उलट्या दिशेनं येणारा,
एक हात, हँडलचं टोक, निळ्या शर्टाची बाही :
दस्तगीर.
दुकानासमोरच्या फूटपाथवर इंजिनं उघडायचा,
टॅपेट कानानं लावायचा.
वळसा लांब पडतो म्हणून
रोज तेवढा तुकडा उलटा यायचा.
"शेठ, दोनशे पावलांचं काय घेऊन बसलात!"
त्याला चलान आलं नाही.
कॅमेऱ्यात तो अर्धाच मावला,
नंबर बाहेर राहिला.

सोळा दिवसांनी, नवले पुलाच्या उतारावर,
कुणाची तरी गाडी ट्रायलला घेऊन
तो अगदी बरोबर बाजूनं चालला होता.
हेल्मेट घालून. चाळिशीच्या आत.
मागून कंटेनर आला,
डिझेल वाचवायला न्यूट्रल केलेला.

गाडीचे दोन्ही आरसे त्याच्या भावानं आणून दिले.
मीच विकले होते. एकालाही तडा नाही.

तीन चलानं मी पूर्ण भरली, सवलत न बघता.
चौथं ठेवलंय.
भरलं की फोटो निघून जातो म्हणतात,
खरं-खोटं माहीत नाही.
मुलगा म्हणतो, स्क्रीनशॉट काढा.
काढलाय.
तरी.

आज एक पोरगा आला, नवीकोरी गाडी,
नंबरप्लेटला अजून हार.
"दोन्ही आरसे काढून द्या, लूक जातो."
मी पाना घेतला.
उजवा आवळला, मग डावा,
आणखी अर्धा फेरा.
"काका, काढायला सांगितलं होतं!"
म्हटलं, पाना उलटा फिरला रे.
वय झालं.